नकाशातल्या बाईची मिशी

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आत्याने सही केली, आणि वाचनालयाच्या इमारतीला बेचाळीस वर्षांनी तिची खरी आर्किटेक्ट मिळाली. इमारत पडून तेव्हा आठ दिवस झाले होते.

आता हे झालंच नाही असं धरून चालायचं. या घराची रीतच ती. आबांना पहिला अटॅक आला तेव्हा त्याला सहा महिने ‘गॅस’ म्हणत होते. आईने लग्नाआधी मिळवलेली गणिताची पदवी इतकी विसरली गेली, की एकदा माळ्यावर प्रमाणपत्र सापडलं तेव्हा आईनेच विचारलं, “हे कोणाचं?” आणि आत्याने चाळीस इमारती काढल्या ही गोष्ट तर इतक्या शिस्तीने घडलेली नव्हती, की ती न घडल्याचे पुरावे फायलींत लावून ठेवले होते. तेव्हा आत्ता दुपारचे दोन वाजलेत. कोणी कशावरही सही केलेली नाही. टाचणी ऑफिसच्या मागच्या खोलीत स्टुलावर चढली आहे आणि तिच्या नाकात धूळ गेली आहे.

टाचणी ही घरातली एकुलती एक मुलगी. लहानपणी तिने ड्रॉइंग बोर्डावरची एक टाचणी गिळली होती. ती पुढे बाहेर आली की नाही यावर घरात अजून दोन मतं आहेत. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तीन महिन्यांपूर्वी परिषदेने तिला आर्किटेक्ट म्हणून नोंदणी क्रमांक दिला होता. तिने हौसेने गोल शिक्का करून घेतला होता. तो अजून डबीतून बाहेर यायचा होता, कारण ऑफिसात तिच्याकडे संडासांच्या फरश्या आणि दारं-खिडक्यांच्या याद्या एवढंच काम होतं, आणि फरशीवर शिक्का मारत नाहीत.

“वाचनालयाची मूळ ट्रेसिंग आण,” बाबांनी तिला सांगितलं होतं. “मोठ्या नळीतली. आणि उलगडत बसू नकोस, कागद जुना आहे.”

उलगडू नकोस म्हटल्यावर जे करायचं असतं ते तिने केलं.

या ऑफिसच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते आणि चौकटीत तीन ओळी: संकल्पना, रेखाटन, तपासणी. संकल्पनेपुढे आबांचा, म्हणजे टाचणीच्या आजोबांचा, शिक्का. तपासणीपुढे आबांचीच सही, कारण आपली संकल्पना आपणच तपासली की चुका कमी सापडतात. मधल्या ओळीत आत्याची बारीक आद्याक्षरं. आबा गेल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत बाबा आले. मधली ओळ हलली नाही. चौकट न वाचताही आत्याचा नकाशा ओळखता यायचा, तो मात्र वेगळ्या खुणेने. इमारत केवढी आहे हे कळावं म्हणून दर्शनी बाजूच्या चित्रात दाराशी एक माणूस काढतात. जगभरचे आर्किटेक्ट सहा फुटी पुरुष काढतात, हातात ब्रीफकेस, जणू इमारत जप्त करायला आलाय. आत्या एक बुटकी बाई काढायची. खांद्याला पर्स, एक पाय पायरीवर. चाळीस इमारतींच्या दारांशी तीच बाई, तीच पर्स, तोच पाय. लहानपणी टाचणीला वाटायचं की ही बाई कुठल्यातरी इमारतीत शिरायचा प्रयत्न करतेय आणि तिला कोणी आत घेत नाहीये. मोठी झाल्यावर तिला आपला अंदाज बरोबर होता असं वाटू लागलं.

वाचनालयाच्या दाराशीही ती होती. फक्त तिला मिशी होती.

टाचणीने कागद खिडकीशी नेला. मिशी अगदी बारीक पेनाने काढलेली, दोन्ही टोकं खाली वळलेली. डोक्यावर हॅट. पर्स मात्र खांद्याला तशीच होती, त्यामुळे तो कोणा सभ्य पाकीटमारासारखा दिसत होता. काढणाऱ्याची शाई वेगळी होती, जरा निळसर. मग तिचं बोट आपोआप कागदावरून वर गेलं, छताच्या छेदापर्यंत, म्हणजे छत उभं कापून दाखवलेल्या चित्रापर्यंत, आणि तिथे अडखळलं. ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागद गुळगुळीत असतो. शाईची चूक झाली तर ब्लेडने हलके खरवडतात, आणि खरवडलेली जागा कायम बोटाला लागते, भरलेल्या जखमेसारखी. इथे जवळजवळ वीतभर ओळ खरवडलेली होती. कागद उजेडाला तिरका धरल्यावर पेनाच्या दाबाने उमटलेली ओळ वाचता आली: *या छतावर माणसांखेरीज कोणतेही वजन ठेवू नये.*

आणि खरवडलेल्या ओळीच्या बरोबर वर, त्याच निळसर शाईत, एक नीट चौकोन काढून त्यात लिहिलं होतं: पाण्याची टाकी, दहा हजार लिटर.

टाचणी स्टुलावर बसली. ते अक्षर तिला पाठ होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वर्षातून चार वेळा तेच अक्षर ‘पाहिले’ असं लिहायचं.

बाहेर चर्चा रंगात आली होती. चर्चा म्हणजे वकीलमामा बोलत होते आणि बाकीचे माना हलवत होते. ते आईचे धाकटे भाऊ, आणि घरातली एकही गोष्ट त्यांच्या मसुद्याशिवाय खरी होत नसे. पूर्वी जे नकाशे काढायचं मोठं टेबल होतं ते आता सभेचं होतं. त्याच्या कडेला आत्या बसली होती, अडुसष्ट वर्षांची, ताठ, हातात न प्यायलेला चहा. समोर बाबा. आई कप गोळा करत होती, भरलेलेसुद्धा. भिंतीवर जिथे मेडल लटकायचं तिथे आता फक्त एक स्वच्छ गोल उरला होता. इमारत पडल्याच्या दिवशी बाबांनी पहिलं काम केलं ते मेडल उतरवण्याचं. ते ‘उत्कृष्ट सार्वजनिक इमारती’साठी होतं.

“ये ये,” मामा म्हणाले. “नळी ठेव तिथे. तर ताई, पुन्हा वाचतो. ‘मी, खाली सही करणारी, लिहून देते की सदर वाचनालयाची संपूर्ण संकल्पना, आराखडा व तपशील हे सर्वस्वी माझे असून...’”

“थांब,” आत्या म्हणाली. “ते परत वाच.”

“कुठलं?”

“संपूर्ण संकल्पना.”

“‘संपूर्ण संकल्पना, आराखडा व तपशील हे सर्वस्वी माझे असून...’”

“सर्वस्वी,” आत्या म्हणाली आणि चहाचा एक घोट घेतला. “छान शब्द आहे. बेचाळीस वर्षांत कोणाला सुचला नाही.”

“ताई, टोमणे नकोत,” बाबा म्हणाले. “उद्या दहाला चौकशी समिती बसतेय. वेळ कमी आहे.”

“टोमणा कसला, धाकट्या? मी कौतुक करतेय. मेडल घेताना आबा भाषणात काय म्हणाले होते आठवतं? ‘माझ्या मुलीची मला मोलाची मदत झाली.’ मी पहिल्या रांगेत होते. माझ्या हातात सगळ्यांचे पुष्पगुच्छ दिले होते धरायला. एवढे, की मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“हो ना. तेव्हा इमारत उभी होती.”

आईच्या हातातले कप एकमेकांवर वाजले. मामांनी घसा साफ केला. “पुढे असं आहे: ‘...असून, त्यातील दोषांची जबाबदारी माझी आहे.’ बस. एवढंच. ताई, आता तुमच्या वयाकडे पाहून समिती काही फार ताणणार नाही. तुमची परिषदेकडे नोंदणीच नाही, म्हणजे परवाना रद्द करायचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या हातात काही लागणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही... काय म्हणतात...”

“नाहीच आहे,” आत्याने शब्द पुरवला.

हे मात्र खरं होतं. आत्याच्या वर्गात साठ जणांत तीन मुली होत्या आणि पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी तिघींना उभं करून सांगितलं होतं, ‘तुम्ही तीन होतकरू मुलांच्या जागा अडवल्यात.’ त्यातली एक पुढे लोकांना पडद्यांचे रंग सुचवू लागली. दुसरीचा ड्रॉइंग बोर्ड सासरी इस्त्रीचं टेबल झाला. आत्या तेवढी टिकली. साइटवर बायकांसाठी आडोसा नसायचा म्हणून ती सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाणी प्यायची नाही. ज्या बाईने हयातीत शेकडो संडास काढले तिला स्वतःला एक मिळाला नाही. आणि नोंदणीच्या अर्जासोबत दाखला लागायचा, की अर्जदाराने दोन वर्षं स्वतंत्र संकल्पनेचं काम केलंय. दाखला देणार आबा. आबांनी तीनदा दाखला दिला, तिन्ही वेळा सुवाच्य अक्षरात: ‘रेखाटनाचे काम समाधानकारक.’ अर्ज तीनदा परत आला. तिन्ही परत आलेले अर्ज आबांनीच फायलीला लावले, अनुक्रमांक घालून.

“टाचणे, जरा बाहेर ये,” बाबा उठले.

ते तिला दरवाज्याबाहेर पाटीखाली घेऊन गेले. पितळी पाटीवर ‘आणि पुत्र’ एवढेच दोन शब्द चकाकत होते. आबांचं नाव पुसून पुसून झिजलं होतं. रस्त्यावर रविवारची सामसूम होती. समोरच्या कुलूपबंद दुकानाच्या पायरीवर एक कुत्रा आळोखेपिळोखे देत होता. बाबांनी आठ दिवसांत दाढी केली नव्हती आणि आठ दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. टाचणीला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं दिसत होतं, आणि या दोन गोष्टींचं एकत्र काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

“मामांच्या कागदाला नकाशा जोडायचा आहे,” ते म्हणाले. “‘खरी प्रत, मूळ आराखड्यात कोणताही फेरफार नाही,’ असा दाखला लागतो. नोंदणी असलेल्या आर्किटेक्टचा. मी देऊ शकत नाही, मी पक्षकार.”

“म्हणजे माझा शिक्का.”

“पहिलाच. मला वाटलं तुला आनंद होईल.” त्यांनी वर पाटीकडे बघितलं. “ही बदलायचीच आहे. मी ठरवलंय. ‘आणि पुत्र’ काढून ‘आणि कन्या’. पुढच्या महिन्यात. शाळेचं मोठं काम येतंय, ते तू करायचंस. फरश्या बंद.”

“आत्याला का नाही कधी विचारलं हे?”

“आबा होते तेव्हा.”

“आबांना जाऊन वीस वर्षं झाली, बाबा.”

“सवय झाली होती सगळ्यांना,” बाबा म्हणाले, आणि त्यांचं हे उत्तर अगदी प्रामाणिक होतं. मग तेच म्हणाले, “तू ती ट्रेसिंग उलगडलीस का?”

“कागद जुना आहे ना,” टाचणी म्हणाली.

ती आत गेली. जाताना खांद्यावरच्या झोळीतली डबी तिने चाचपली. ‘आणि कन्या.’ कोणीतरी आपल्यासाठी इतकी वर्षं अडवून ठेवलेली खुर्ची एकदम पुढे सरकवावी आणि तिच्यावर अजून आत्या बसलेली असावी, तसं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिने क्षणभर हिशेब केला. शाळा. वर्गखोल्या. उत्तरेचा उजेड. तो क्षण चांगला लांबलचक होता आणि पुढे आयुष्यभर तिला तो आठवला की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

टेबलाशी आत्या मामांना विचारत होती, “त्या बाईचं नाव काय होतं?”

“कोणत्या?”

“छताखाली सापडली ती. सकाळी सातला फरशी पुसायला यायची.”

मामांनी कागद उलटसुलट केले. “पोलिसांच्या कागदात असेल. इथे ‘एक सफाई कर्मचारी’ एवढंच आहे.”

“धाकट्या, तुला माहितीय?”

बाबांना माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. टाचणीलाही माहीत नव्हतं, आणि ती गेले आठ दिवस रोज त्या बातम्या वाचत होती. घड्याळात तीन वाजले. कुटुंबातल्या पाच शिकलेल्या माणसांना तिचं नाव माहीत नाही ही गोष्ट टेबलावर तशीच पडून राहिली, कोणी उचलली नाही.

“बरं,” मामा म्हणाले, “मुलीचा दाखला मी टाइप करून आणलाय. शिक्का इथे.”

टाचणीने नळीतून ट्रेसिंग काढली आणि टेबलावर पसरली. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. कप परत आल्यावर आईला जरा बरं वाटलं. मग टाचणीने शिक्क्याची डबी काढली, आणि दर्शनी चित्रातल्या दाराशी बोट ठेवलं.

“मी तपासलं,” ती म्हणाली. “नकाशात एक मिशी सापडली.”

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. “ही... हा कोण?”

“ही माझी बाई आहे,” आत्या हळूच म्हणाली. तिने चहा खाली ठेवला. “अगं बाई. हिला काय झालं?”

“आणि आत्या, इथे बोट लाव. छतावर.”

आत्याने बोट लावलं. तिला वाचायची गरज पडली नाही. बोट खरवडलेल्या जागेवरून एकदा इकडे, एकदा तिकडे गेलं, आणि ती बाबांकडे बघत म्हणाली, “माझी ओळ कुठाय?”

“ताई, वाचनालयाच्या लोकांना टाकी हवी होती,” बाबा म्हणाले. ते एकदम शाळकरी आवाजात बोलत होते. “नवे संडास बांधले होते त्यांनी. खाली जागा नव्हती. मी म्हटलं पाणीच तर आहे.”

“आणि मिशी?”

“अगं, मंजुरीला प्रत पाठवायची होती. तिथला साहेब म्हणायचा, ‘तुमच्या ऑफिसच्या नकाशावर ही कोण बाई सारखी? गांभीर्य वाटत नाही.’ मग मी... पटकन...”

“पर्स राहिली,” टाचणी म्हणाली.

“घाईत होतो!”

इतक्या गंभीर प्रसंगी आईला हसू फुटलं. ते एकच, कोरडं, खोकल्यासारखं आलं, आणि तिने लगेच तोंडावर पदर धरावा तसा हात ठेवला. मग हात काढून ती म्हणाली, “दहा टन.”

“काय?” मामांनी विचारलं.

“दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन. टाकीचं वजन वेगळं. साधा गुणाकार आहे रे, त्याला आर्किटेक्ट लागत नाही.” ती नवऱ्याकडे वळली नाही, कपाकडे बघून बोलत होती. “मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला. जेवताना. तुम्ही म्हणालात, तुला यातलं काय कळतं.”

“तू पण आता?” बाबा म्हणाले.

“मी आता नाही. मी तेव्हाच. तुम्ही आत्ता ऐकलंत.” आणि ती आत्याकडे वळून म्हणाली, “वन्सं, सही करू नका.” ‘वन्सं’ ती फक्त भांडताना किंवा रडताना म्हणायची, पस्तीस वर्षांत तिसरी वेळ होती.

बाबा उठले. त्यांचा आवाज आता शाळकरी राहिला नव्हता. “करू नका? मग उद्या मी जातो आत. ऑफिस बंद. अकरा माणसं घरी. हिचं लग्न, हिचं करियर, हे घर, सगळं. ताई, मी वाईट माणूस आहे असं म्हण, चालेल. पण विचार कर. मला बायको आहे, मुलगी आहे, ऑफिस आहे. तुला काय आहे?”

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की काय बोललो. खोलीतल्या सगळ्यांना कळलं. आत्या मात्र दुखावल्यासारखी दिसली नाही. बिलाची रक्कम आधीच माहीत असावी तशी तिने मान हलवली.

“मला एक छत होतं,” ती म्हणाली.

बाबा खाली बसले.

“बावीस मीटर, मध्ये एकही खांब नाही,” आत्या म्हणाली. “आबा म्हणाले होते चार खांब टाक. मी म्हटलं, खांबाआड बसलेल्या मुलाला उजेड मिळणार नाही. पातळ ठेवलं होतं मी ते. कागदासारखं. त्याला फक्त स्वतःला तोलायचं होतं.” तिने बोट अजून त्या खरबरीत जागेवरच ठेवलं होतं. “आणि मला टाकी दिसत होती. एकोणीस वर्षं. मी त्या रस्त्याने जायचे ना बाजारात. काळी टाकी, वर झाकण. पहिल्या आठवड्यात मी याला बोलले. हा म्हणाला, ‘ताई, तू रेखाटन बघ.’ मी दुसऱ्यांदा नाही बोलले. रस्ता बदलला. दुसऱ्या गल्लीने जायला लागले.”

“आत्या, तुझं कुणी ऐकलं नसतं,” टाचणी म्हणाली.

“नसतंच ऐकलं. पण मी बोललेही नाही. नाव नाही तर जबाबदारी नाही, असं मीच मला सांगितलं. सोयीचं असतं ते, तुला सांगते. गादीसारखं असतं. खाली ती बाई फरशी पुसत होती.”

मामा अत्यंत हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, हे सगळं मसुद्यात घालायचं नाहीये.”

“मसुदा इकडे दे.”

तिने मामांचा कागद घेतला, पर्समधून स्वतःचं पेन काढलं, आणि ‘त्यातील दोषांची जबाबदारी माझी आहे’ या वाक्यापुढे पूर्णविराम होता त्याचा स्वल्पविराम केला. पुढे लिहिलं: वजनाची सूचना खोडल्याचे मला माहीत नव्हते, टाकी ठेवल्याचे माहीत होते. ती एकोणीस वर्षे दिसत असूनही मी एकदाच बोलले. मग तिने मान वर केली.

“धाकट्या, तुझी ओळ तू लिही. मी तुझ्या वतीने रेखाटन करणार नाही आता.”

बाबांनी पेन हातात घेतलं नाही. ते भिंतीवरच्या स्वच्छ गोलाकडे बघत बसले. आईने त्यांच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढलं, बरोबर काजात घातलं, आणि त्यांच्या शेजारची आपली खुर्ची सोडून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आत्यालगतच्या खुर्चीत जाऊन बसली. बस, एवढंच झालं. पण या घरात खुर्च्या कधी बदलत नसत.

टाचणीने मामांनी टाइप केलेला दाखला उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘मूळ आराखडा तपासला. छताच्या छेदातील सूचना ब्लेडने खरवडली आहे. त्यावर टाकी काढली आहे. अक्षर माझ्या वडिलांचे आहे.’ शेवटची ओळ लिहायला तिला आधीच्या तिन्ही ओळींपेक्षा जास्त वेळ लागला. मग शिक्का शाईत दाबला आणि कागदावर उठवला. पहिलाच होता म्हणून जोर जास्त झाला, आणि कडेला थोडी शाई फुटली. तिच्या मनात आलं, हा शिक्का इतक्यात पुन्हा लागणार नाही. बापावर ज्याची पहिली मोहोर उठते त्याला शाळेची कामं कोण देतं.

“पाटी राहिलीच मग,” बाबा म्हणाले. तिच्याकडे न बघता.

“राहू दे, बाबा. पितळ आहे. टिकेल.”

चार वाजून दहा मिनिटांनी आत्याने सही केली. पूर्ण नाव लिहिलं, आद्याक्षरं नाही. नावाखाली ‘वास्तुविशारद’ लिहिलं, त्या शब्दाकडे थोडा वेळ बघितलं, आणि विशारदमधला ‘शा’ नीट वाचता येत नव्हता म्हणून पुन्हा गिरवला. नोंदणी नसताना हा शब्द नावाखाली लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे, असं मामांनी सांगितलं. आत्या म्हणाली, बरी आठवण केलीस, आणि दुसरा कोरा कागद मागितला. पाच वाजेपर्यंत ती लिहीत होती. बाबा तसेच बसून होते. त्यांच्यापुढचं पेन आणि त्यांची ओळ दोन्ही कोरीच राहिली. आईने शेवटी कप उचलले, त्यामुळे ट्रेसिंगचे कोपरे आपोआप वळून आत आले आणि ती मिशीवाली बाई स्वतःला गुंडाळून घेऊन दिसेनाशी झाली.

आत्याने कागद टाचणीपुढे सरकवला.

“तपास,” ती म्हणाली.

*प्रति,*
*माननीय निबंधक, वास्तुविशारद परिषद.*

*विषय: इमारती नावावर करून मिळण्याबाबत.*

*महोदय,*

*अर्जदाराने यापूर्वी तीन वेळा नोंदणीसाठी अर्ज केला असून, स्वतंत्र काम केल्याचा पुरावा नाही या कारणाने तो तिन्ही वेळा नाकारण्यात आला आहे. आता सदर पुरावा पडलेल्या अवस्थेत उपलब्ध झाला असून तो चौकशी समितीच्या ताब्यात आहे. एकूण इमारती चाळीस. पैकी पडलेली एक. सबब खालीलप्रमाणे विनंती करण्यात येत आहे.*

*पडलेली इमारत अर्जदाराच्या नावावर नोंदवताना, उभ्या असलेल्या उर्वरित एकोणचाळीस इमारतीही त्याच नावावर, त्याच दिवशी, त्याच शाईने नोंदवाव्यात.*

*वाचनालयात मृत्यू पावलेल्या महिलेचे नाव शोधून अर्जदारास लेखी कळवावे, व नव्या इमारतीच्या दारावर मान्यवरांच्या नावांच्या वर ते कोरावे.*

*तसेच, मूळ आराखड्यातील दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या ओठावरील मिशी खरवडून काढण्याची, व तिला इमारतीत प्रवेश देण्याची, परवानगी मिळावी. ब्लेड अर्जदार स्वतः घेऊन येईल.*